आम्ही समुद्र निवडतो

सुटीत कुठे जायचे हे ठरवण्याचे खाते आमच्या घरी 'ह्यां'च्याकडे आहे. माझ्याकडे डबे, औषधे आणि स्वेटर. लग्न झाल्यापासून ही वाटणी कधी बदलली नाही आणि तिच्याविषयी माझी तक्रारही नव्हती. महाबळेश्वर म्हटले की मी स्वेटर काढते, गणपतीपुळे म्हटले की सुती कपडे. परंतु गेल्या दिवाळीत आमच्या चिरंजीवांनी या सुरळीत कारभारात खीळ घातली. "आई, यापुढे डोंगर नको. समुद्र. आणि समुद्राच्या काठावर बसून भेळ खायची नाही. खाली जायचं."

याला कारण मालवण.

दिवाळीच्या सुटीत आम्ही तिघे मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ला पाहिला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर ज्याची पायाभरणी केली, त्या किल्ल्याच्या तटाखाली आज पर्यटकांच्या होड्यांची जत्रा भरते. पाठीवर हवेचे नळकांडे बांधायचे, तोंडात रबराची नळी धरायची आणि तटाजवळच्या उथळ पाण्यात दहा-पंधरा मिनिटे मासे पाहून यायचे. निखिल तेव्हा तेरा वर्षांचा. त्याने हट्ट धरला, ह्यांनी पैसे भरले आणि मी होडीत बसून राहिले.

होडीवरच्या माणसाने एक वही पुढे केली. "ताई, इथं सही करा. वाचूक वेळ नाय, ओहोटी लागतली." मी सही केली. मग सवयीने वाचलेच, कारण वीस वर्षे शाळेत वह्या तपासण्यात गेली आहेत. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया असे बारीक अक्षरांत छापले होते आणि पुढे 'हो' व 'नाही' असे दोन रकाने. कोणीतरी पेन्सिलीने 'नाही'च्या रकान्यातून वरपासून खालपर्यंत एकच उभी रेघ ओढून ठेवली होती. सगळ्या होडीला मिळून एक रेघ!

मान वर केली तोवर निखिल पाण्याखाली गेला होता.

आता सांगायला हवे ते सांगते. निखिलला तिसऱ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत दमा होता. पाऊस सुरू झाला की रात्री-अपरात्री त्याची छाती शिट्टी वाजवू लागे. मी उशाशी घड्याळ घेऊन बसे आणि मिनिटाला किती श्वास होतात ते मोजत राही. चाळिसाच्या वर गेले की रिक्षा बोलवायची, असा आमचा नियम होता. आठव्या वर्षानंतर तो हळूहळू बरा झाला. पंप अजून कपाटात आहे, पण त्याला हात लावून पाच वर्षे झाली होती.

त्या दिवशी होडीत मी पुन्हा मोजू लागले. श्वास दिसत नव्हते म्हणून बुडबुडे मोजले. बारा मिनिटांनी पोरगा वर आला. चेहरा असा उजळलेला, की दहावीच्या निकालालाही तसा उजळेल असे मला वाटत नाही. काही झाले नाही. मालवणात सगळेच असा कारभार करतात असे माझे मुळीच म्हणणे नाही. जवळच तारकर्लीला आपल्या पर्यटन महामंडळाची रीतसर पाणबुडीचे शिक्षण देणारी संस्था आहे. माझ्या वाट्याला ती पेन्सिलीची रेघ आली, एवढेच. पण ती रेघ घेऊन मी डोंबिवलीला परत आले.

निखिलची तक्रार वेगळीच होती. "पाणी गढूळ होतं गं! चार हातांपलीकडे काही दिसत नव्हतं." म्हणून नववीची परीक्षा संपली की एप्रिलमध्ये स्वच्छ, उबदार पाण्याच्या समुद्राला जायचे असा ठराव झाला. ह्यांनी जेवणाच्या टेबलावर फूलस्केप कागद पसरला आणि रकाने आखले : भाडे, पाण्याची स्वच्छता, मासे, परवाना, खाण्याची सोय.

त्या महिन्यात आमच्या घरात भूगोलाचा एवढा अभ्यास झाला, की वर्गात मी तो कधी शिकवला नसेल. मालवणचे पाणी गढूळ का, तर सह्याद्रीवरून येणाऱ्या नद्या आणि खाड्या पावसाळाभर गाळ आणून ओततात, आणि तो खाली बसेपर्यंत दिवाळी उलटून जाते. मालवणच्या समुद्रालाही प्रवाळ आहे. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झाले ते उगीच नव्हे. पण त्याचे सुख पाहायचे तर थंडीत जावे. आम्ही गेलो ऐन चुकीच्या वेळी. जाणकाराला विचारले असते तर त्याने सांगितले असते.

थोडे खाली कर्नाटकात, मुरुडेश्वरसमोर, नेत्राणी बेट आहे. किनाऱ्यापासून बरेच आत असल्याने तिथले पाणी अधिक नितळ. रेल्वेने जाता येते, खर्च कमी. ह्यांचा कल तिकडे. पण होडीतून भर समुद्रात जायचे आणि बेटावर उतरायची सोय नाही. मला होडी लागते. मी नाक मुरडले.

मग लक्षद्वीप. नकाशात अरबी समुद्रात सांडलेल्या मोहरीसारखी ही बेटे दिसतात. कोचीपासून दोनशे ते चारशे किलोमीटर दूर. सगळ्यांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर आणि वस्ती फक्त दहा बेटांवर. जवळ नदी नाही की डोंगर नाही, त्यामुळे गाळ नाही. ही बेटे प्रवाळाच्या किड्यांनीच बांधलेली आहेत. ज्वालामुखीचा डोंगर हळूहळू खाली खचतो, त्याच्या कडेने वाढणारे प्रवाळ मात्र उजेडाकडे चढत राहतात आणि शेवटी डोंगर बुडून नुसते कडे उरते, असे डार्विनने १८४२ साली लिहून ठेवले होते. निखिलला हे इतके आवडले की त्याने जेवताना वरणभातात बोटाने डार्विनचे बेट करून दाखवले. परंतु तिथे जायला आपल्या नागरिकांनाही परवाना लागतो, आणि अगत्तीच्या विमानात आम्हाला हव्या त्या तारखांना तीन जागा मिळेनात. मालदीवचा विषय भाड्याच्या रकान्यातच संपला.

राहिले अंदमान. किनारे अरण्याने झाकलेले, पाणी नितळ, एप्रिलमध्ये समुद्र शांत, आणि शिकाऊ लोकांसाठी किनाऱ्यालगतच प्रवाळ. शिवाय मराठी माणसाला अंदमानचे आकर्षण केवळ माशांसाठी नसते. ठरले. तिकिटे काढली. ती परत होणारी नव्हती.

पंधरा दिवसांनी बेटावरच्या पाणबुड्यांच्या संस्थेकडून पत्र आले. सोबत प्रत्येकी एक वैद्यकीय प्रश्नावली. एकाही महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल तर डॉक्टरची सही आणावी, अशी खाली सूचना. दम्याचा प्रश्न पहिल्याच पानावर होता. पूर्वी कधी होता का, असे स्पष्ट विचारले होते.

हे म्हणाले, "अगं, पाच वर्षांत काही झालंय का? मग 'नाही' लिही. मालवणला गेलाच होता ना?"

मी निखिलचे नाव, वय, पत्ता, रक्तगट सगळे भरले. तो एक चौकोन मोकळा ठेवला. म्हटले, तिथे जाऊन भरू.

आमच्या डॉक्टरांचा दवाखाना घरापासून दोन मिनिटांवर आहे. रोज भाजी आणताना मी त्याच्यावरून जाते. एक पायरी चढून विचारले असते तर काम होते. पण ते 'नको' म्हणतील अशी मला भीती होती. पोराचा चेहरा पडेल, तिकिटे फुकट जातील, हे चिडतील. म्हणून वीस वर्षे मुलांना 'शंका असेल तर विचारा' असे सांगणाऱ्या बाईने न विचारता विमान गाठले. मालवणच्या माणसाला मी मनातल्या मनात पुष्कळ बोलले होते, पण त्याच्या रेघेत आणि माझ्या मोकळ्या चौकोनात फरक तो किती?

विमान उतरते त्या पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ साली श्री विजयपुरम झाले आहे आणि आम्हाला जायचे होते त्या हॅवलॉक बेटाचे २०१८ साली स्वराज द्वीप. बेटावरची माणसे दोन्ही नावे वापरतात. लाँचने दीड-दोन तास लागले. मला ती लागली, पण प्रतिष्ठा राखून. बेटावर नारळी-सुपारीच्या बागा, भाताची खाचरे, बंगाली बोलणारी माणसे. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना इथे वसवले, त्यांची ही तिसरी पिढी. घड्याळ आपले, पण सूर्य पूर्वेचा. पहाटे पाचला लख्ख उजेड आणि सहाच्या आत संध्याकाळ! चहाची वेळ आणि दिवेलागण एकच. आमच्या ह्यांची दुपारची झोप त्यात पार चुकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या पडवीत बसलो. शिकवणारी मुलगी चेन्नईची, फार तर अठ्ठावीस वर्षांची, उन्हाने रापलेली. तिने तिन्ही कागद हाती घेतले आणि चक्क वाचायला सुरुवात केली. मी माझ्या वर्गाचे पेपर वाचते तसे, बोट ठेवून. निखिलच्या कागदावर बोट थांबले.

"हे राहिलंय," ती हिंदीत म्हणाली.

"नाही, नाही, तसं काही नाही," हे चटकन म्हणाले.

निखिल माझ्याकडे पाहत होता. त्याला ठाऊक होते. ज्याच्या छातीत ते वाजले होते त्याला ठाऊक नसेल तर कोणाला? मी म्हटले, "होता. आठव्या वर्षापर्यंत. दोनदा रुग्णालयात ठेवावं लागलं होतं."

पडवीत कोणी बोलेना. मग त्या मुलीने निखिलला जवळ बसवले आणि एक फुगा घेऊन समजावून सांगितले. पाण्यात दर दहा मीटरला हवेच्या एका वातावरणाएवढा दाब वाढतो. दहा मीटर खोलीवर घेतलेला छातीभर श्वास वर येता येता दुप्पट जागा मागतो. म्हणून पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही, हा पहिला नियम. साध्या माणसाची जादा हवा नाकातोंडाने निघून जाते. पण दम्याने श्वासनळ्या आवळल्या तर ती आत कोंडते, फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. त्याला फार खोलही जावे लागत नाही. "तुला काही होणार नाही असंही असेल," ती म्हणाली, "पण ते तपासून सांगणारा डॉक्टर हवा. मी डॉक्टर नाही. म्हणून आज नाही."

ह्यांनी तोंड उघडले आणि मिटले, कारण बोट आता त्यांच्या कागदाकडे वळले होते. रक्तदाबाच्या गोळीपुढे त्यांनी प्रामाणिकपणे 'हो' लिहिले होते, सही मात्र आणली नव्हती. तेही बाद.

उरले मी. माझ्या कागदावर सगळे 'नाही'. त्रेचाळीस वर्षांत मला धड एक आजारही झाला नव्हता, याचे मलाच वैषम्य वाटले.

"मला नाही जायचं," मी म्हटले. "आम्ही त्याच्यासाठी आलो होतो."

निखिल दुपारभर बोलला नाही. किनाऱ्यावर वाळूत रेघा ओढत बसला. मला वाटले हा आता मला आयुष्यभर क्षमा करणार नाही. संध्याकाळी म्हणजे साडेपाचला तो उठून आला. "आई, तू खोटं लिहिलं असतंस तर मी गेलो असतो," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "पण खाली गेल्यावर मला भीती वाटली असती. मालवणला वाटली होती. मी सांगितलं नाही." आणि मग लगेच, जणू काही झालेच नाही, "तू जा. कुणीतरी बघून सांगायला हवं ना!"

अशा रीतीने, डबे आणि स्वेटर सांभाळणारी बाई समुद्राच्या तळाशी गेली.

आधी कमरेएवढ्या पाण्यात तासभर शाळा. चष्म्यात पाणी शिरले तर नाकाने हवा सोडून कसे घालवायचे, नळी सुटली तर कशी धरायची, कानात दडे बसले की नाक चिमटून हलकेच फुंकर कशी घालायची. खुणाही शिकले. अंगठा वर करणे म्हणजे 'छान' नव्हे, 'मला वर जायचे आहे.' छान म्हणायचे तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. पाठीवरच्या नळकांड्यात प्राणवायू असतो असे मी समजत होते. असते ती आपली साधी हवा, बारा लिटरच्या जागेत दोनशे पट दाबून भरलेली. १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी ती हवी तेव्हा हवी तेवढीच तोंडात सोडणारी झडप बसवली, आणि माझ्यासारख्या बायकांची सोय झाली.

मग हळूहळू उतार. दर हात-दीड हाताला कान मोकळे करायचे. पहिल्यांदा ते होईना. मी अंगठा वर केला. ती मुलगी ताबडतोब मला घेऊन वर आली. रागावली नाही, घाई केली नाही. दुसऱ्यांदा जमले. आठ मीटरवर आम्ही थांबलो.

तिथे पहिल्यांदा मला ऐकू आला तो माझा श्वास. आत घेताना खर्र, सोडताना बुडबुड. दुसरा आवाजच नाही. इतकी वर्षे मी दुसऱ्याचे श्वास मोजले. स्वतःचा असा कधी ऐकला नव्हता. तो घाबरा आहे हे मला कळले. मग मी त्याला निखिलला सांगत असे तसेच सांगितले : सावकाश, बाळा, सावकाश. तो ऐकू लागला.

खालचा रंग पोस्टकार्डावरच्या चित्रासारखा नसतो. तांबडा रंग पाणी आधी गिळते. माझ्या हातातला लाल चुडा खाली तपकिरी दिसत होता. परंतु त्या निळ्या-करड्या उजेडात कायकाय होते! पोपटाच्या चोचीचे हिरवे-निळे मासे प्रवाळ कुरतडत होते आणि ते कुरकुर चक्क ऐकू येत होते. ते खडक खातात आणि मागून बारीक वाळू टाकतात. पांढऱ्या वाळूवर फोटो काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. समुद्रफुलाच्या झुलत्या केसरांत नारिंगी विदूषक माशांचे कुटुंब होते. त्यात सर्वांत मोठी असते ती मादी आणि कुटुंबाचा कारभार तिच्याकडे, असे मला वर आल्यावर कळले. ह्यांना ते मी दोनदा सांगितले.

पण तळाचा बराच भाग मोडक्या, राखाडी काटक्यांचा होता. फटाके उडवून झाल्यावर अंगण दिसते तसा. प्रवाळाचा जीव उबदार पाण्यातच जगतो, परंतु नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा पाणी एखाद-दुसऱ्या अंशाने जास्त तापून तसेच काही आठवडे राहिले, तर त्याच्या अंगात वस्तीला असलेले आणि त्याला अन्न पुरवणारे सूक्ष्म शेवाळ निघून जाते. प्रवाळ पांढरे पडते, आणि पाणी लवकर निवले नाही तर मरते. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ साली असे झाले. ज्या उबेसाठी आम्ही समुद्र निवडला, तीच तिथल्या घरमालकांना जड जाते आहे. त्या काटक्यांतून नखाएवढे नवे कोंभ वर आलेले मुलीने मला बोटाने दाखवले. बोट लावले नाही. मीही नाही.

परतताना वर पाहिले. छतासारख्या हलत्या चंदेरी पाण्याला चिकटून दोन बारीक पाय वल्हवत होते. निखिल पृष्ठभागावर चष्मा आणि नळी लावून, एका मदतनिसाबरोबर, माझ्या बुडबुड्यांवरून तरंगत चालला होता. मी गोल करून दाखवला. त्याने वरून गोल केला. अठ्ठावीस मिनिटे झाली होती. ते मी मोजले नव्हते. मला नंतर सांगितले.

बुडी मारल्यावर लगेच विमानात बसू नये, अठरा तास तरी जाऊ द्यावेत, असा नियम आहे. खाली अंगात मुरलेला वायू उंच हवेत बुडबुडे होऊन बाहेर पडू पाहतो. म्हणून शेवटचा दिवस कोरडा ठेवला आणि सेल्युलर जेल पाहिले. सात भुजांपैकी तीनच उरल्या आहेत. सावरकर १९११ साली जिथे आले आणि दहा वर्षे राहिले त्या कोठडीच्या दाराशी निखिल उभा राहिला. उंचावर एवढासा झरोका. "इथून समुद्र दिसत नसेल," तो म्हणाला. आम्ही कोणी काही बोललो नाही.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी दवाखान्याची ती पायरी चढले. डॉक्टरांनी छातीच्या तज्ज्ञाकडे पाठवले. त्यांनी निखिलला नळीत फुंकायला लावले, पळायला लावले, पुन्हा फुंकायला लावले. आकडे चांगले आले. पण या पावसाळ्यात काय होते ते पाहू आणि दिवाळीनंतर पुन्हा तपासू, असे ते म्हणाले. पाऊस कोरडा गेला, म्हणजे छातीच्या दृष्टीने. तपासणी पुढच्या महिन्यात आहे. काय होईल ते होईल.

तुमच्याही घरी यंदा असा हट्ट निघणार असेल, तर समुद्र जरूर निवडा. पैसे कमी असतील तर मालवणला जा, पण थंडीत. परवाना आणि जागा मिळाल्या तर लक्षद्वीपला जा. मासे सगळीकडे आहेत. परवा ह्यांनी पुन्हा फूलस्केप कागद पसरला आणि रकाने आखायला घेतले. निखिलने पट्टी काढून घेतली. 'भाडे'च्याही आधी त्याने एक नवा रकाना आखला आणि वर लिहिले : 'कागद वाचतात का?'